नकाशावरचा खडकवासला



खडकवासला पुण्याच्या माणसाला ठाऊक नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रविवारी संध्याकाळी जलाशयाच्या कडेला जी जत्रा भरते तिच्यात आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी सामील झाले असतील. भाजलेले कणीस खावे, पाण्यावरचा वारा घ्यावा आणि दिवेलागणीला गर्दीत गाडी घालून घरी परतावे, हा क्रम ठरलेला आहे. त्यापुढे गेलेच तर सिंहगड. आणि सिंहगडावर पिठले-भाकरी व मडक्यातले दही. एवढ्यात तो सगळा मुलूख आपण पाहिला असे समजतो. माझे म्हणणे असे की, त्या रस्त्यावर पाहण्यासारखे जे आहे त्यातले फार थोडे आपण पाहिले आहे, आणि जे राहिले आहे ते पाहण्यासाठी एक साधे हत्यार लागते. ते हत्यार म्हणजे कागदाचा नकाशा.

मोबाइलवरच्या नकाशाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझे सहकारी त्याच्याच आधाराने मोर्चे काढतात आणि वेळेवर पोहोचतात. पण तो नकाशा आपल्याला विचारतो, "कोठे जायचे?" आपण नाव सांगितले की तो वाट दाखवतो. ज्याचे नाव आपल्याला ठाऊकच नाही ते ठिकाण त्याला विचारणार कसे? कागदाचा नकाशा काही विचारत नाही. तो टेबलावर पसरला की सारा मुलूख एकदम समोर येतो. डोळा इकडेतिकडे फिरतो, एखाद्या खुणेवर अडतो, आणि मनात येते की, हे काय बरे असावे? शोध तेथून सुरू होतो.

मी शाळेत फार शिकलो नाही. नकाशा वाचायला मला शिकवले ते सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या एका खलाशाने. आमच्या युनियनच्या कचेरीत ते पेन्शनच्या कामासाठी येत आणि काम झाले तरी चहासाठी थांबत. साहेब दुर्बिणीला डोळा लावी तेव्हा निशाणाचा बांबू घेऊन समोरच्या डोंगरावर उभे राहण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी एकदा भिंतीवरच्या पुणे जिल्ह्याच्या नकाशाकडे बोट करून सांगितले, "यात तुम्हाला रस्ते दिसतात, मला पाय दिसतात." तेव्हापासून मी नकाशा जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आधी थोडी हत्याराची ओळख करून घेऊ. भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ साली स्थापन झाले. म्हणजे पेशवाई अजून पन्नास वर्षे चालायची होती. १८०२ मध्ये मद्रासेकडे लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने त्रिकोणमितीच्या साहाय्याने देश मोजण्याचे काम सुरू केले. त्याचे मुख्य यंत्र अर्ध्या टनाचे होते आणि ते डोंगरावर चढत असे ते अर्थातच माणसांच्या खांद्यावरून. हा लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. त्या शिखराच्या उंचीचे गणित करणाऱ्या राधानाथ सिकदारांचे नाव आता कोठे लोक घेऊ लागले आहेत. आणि यंत्र वाहणाऱ्यांची नावे? ती कोणत्याच शिखराला नाहीत.

या खात्याने सगळा देश चौकोनांत वाटून घेतला आहे. आपल्या भागाचा क्रमांक ४७ एफ. त्याचे पुन्हा सोळा तुकडे केले आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा एक कागद. शनिवारवाडा ४७ एफ/१४ या कागदावर येतो. खडकवासल्याचे धरण आणि सिंहगड त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ वर, सिंहगड तर अगदी डाव्या कडेला चिकटलेला. आणि पानशेत त्याच्या पश्चिमेच्या ४७ एफ/११ वर. म्हणजे स्वारगेटहून पानशेतपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरांच्या वाटेसाठी तीन कागद लागतात. पूर्वी हे नकाशे मैलाला एक इंच या मापाचे असत. आता किलोमीटरला दोन सेंटिमीटर असे माप आहे. पिंगट रेषा उंचीच्या. त्या जवळजवळ आल्या की चढ उभा, दूर गेल्या की सपाटी. निळे ते पाणी. पण जो ओढा उन्हाळ्यात आटतो त्याची रेषा काळी. गाडीरस्ता लाल; बैलगाडीची वाट तुटक लाल; पायवाट ठिपक्यांची. हिरवे ते जंगल, पिवळी ती शेती. देऊळ, मशीद, थडगे, विहीर, किल्ला यांना वेगवेगळ्या खुणा. दुपारभरात एवढे शिकता येते. याला पदवी लागत नाही.

मग हे शिक्षण आजवर शाळाशाळांतून का दिले गेले नाही? त्याला कारण आहे. नकाशा हे राज्य करणाऱ्याचे साधन होते. महसूल, फौज आणि रेल्वे यांसाठी तो काढला गेला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे सीमेजवळचे आणि किनारपट्टीचे नकाशे सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. ज्याच्या शेतातून साखळी ओढून माप घेतले त्यानेच तो कागद पाहायचा नाही, असा हा न्याय होता. २००५ साली नकाशांचे राष्ट्रीय धोरण ठरले आणि लष्करासाठी एक व जनतेसाठी एक अशा दोन मालिका झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंधने आणखी सैल करण्यात आली. परंतु गंमत अशी की, कागद मोकळा झाला तोवर लोकांची कागद उलगडण्याची सवयच गेली होती.

आता निघू या. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाचजण एक जुनी जीप घेऊन या वाटेने गेलो. एक पाथरवटाचा मुलगा, एक निवृत्त फिटर, दोन बांधकाम मजूर आणि मी. नियम एकच होता : नकाशावर जेथे खूण दिसेल आणि ती काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही, तेथे उतरायचे.

पहिले उतरणे स्वारगेटच्या जवळच झाले, आणि निघाल्याला दहा मिनिटे झाली नाहीत तोच गाडी थांबवली म्हणून फिटर भाऊ रागावले. खूण होती कालव्याची. नकाशावर मुठेचा उजवा कालवा निळ्या रेषेने दाखवलेला असतो. ही रेषा नीट पाहा. नदी उंचीच्या रेषा कापीत खाली जाते. कालवा मैलोगणती त्यांना कापत नाही, त्यांना धरून चालतो. टेकडी आली की तो वळसा घेतो, घळ आली की आत शिरून पुन्हा बाहेर येतो. धरणापासून निघालेले पाणी पंपाविना, केवळ अगदी हलक्या उताराने पूर्वेकडे न्यायचे होते म्हणून त्याला असे चालावे लागले. पर्वतीच्या पायथ्याशी त्याने जो वळसा घेतला आहे तो पाहिला की त्या वेळच्या मोजणीदाराचा हात किती स्थिर होता ते समजते. पुढे हडपसरकडे जाताना हेच पाणी एम्प्रेस बागेला मिळाले आणि छावणीलाही मिळाले. गावातल्या माणसाला कालवा दिसतो तो भिंतीमागची घाण म्हणून. नकाशावर तो दीडशे वर्षांपूर्वीचे एक विलक्षण काम म्हणून दिसतो.

आणि नकाशावर आणखी एक गोष्ट दिसते. कालवा वर आहे, वस्ती खाली आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरले. भर दुपारी, पाऊस नसताना, पूर! धुणीभांडी करणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या माणसांचे संसार त्यात वाहून गेले. आमच्यातल्या एका मजुराची बहीण त्याच गल्लीत राहते. त्याने कागदावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवले, मग खालच्या काळ्या ठिपक्यांवर ठेवले, आणि म्हणाला, "हे तर कोणालाही दिसले असते." कोणालाही दिसले असते हे खरे, पाहणारा पाहिजे होता.

वडगाव, धायरी, नांदेड ही गावे आता नावापुरती गावे आहेत. जून २०२१ मध्ये जी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली त्यांत खडकवासलाही आहे. जुन्या कागदावर येथे पिवळा रंग आहे. आज तेथे दहा-दहा, वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. यावर मी फार बोलत नाही. त्या इमारती बांधणाऱ्यांच्या मस्टरविषयी बोलायला लागलो तर दुसरे व्याख्यान होईल.

धरणापाशी मात्र थांबले पाहिजे. कर्नल फाइफ या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे १८६० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि १८७९ मध्ये पुरे झाले. जलाशयाला त्याचेच नाव देण्यात आले. जुन्या इंग्रजी नकाशांत 'लेक फाइफ' असेच छापलेले आढळते. भिंत सुमारे दीड किलोमीटर लांब आणि तीस मीटरांहून उंच, सगळी दगडाची आणि चुन्याची. मातीची धरणे आपल्या देशात पुरातन काळापासून होती. पण एवढ्या आकाराचे दगडी धरण देशात पहिल्या काहींपैकीच. आपली ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली ती १८७५ सालची. म्हणजे शहरात वक्ते बोलायला शिकत होते त्याच वेळी दहा मैलांवर माणसे मुकाट्याने दगड रचीत होती. दोन्ही कामे टिकली आहेत.

आमचा पाथरवटाचा मुलगा भिंतीच्या खालच्या अंगाला पुष्कळ वेळ उभा राहिला. दगड कसा फोडला असेल ते तो आम्हाला सांगू लागला. काळ्या पाषाणाला शीर असते. ती ओळखून छिद्रांची ओळ पाडायची, पाचरी ठोकायच्या आणि घणाचा शेवटचा घाव मारायचा. चुना भाजायचा भट्टीत आणि मळायचा घाणीत. गोल चरातून दगडी चाक बैलांनी फिरवायचे. वडारांत दगडाचे काम करणारे निराळे, मातीचे निराळे आणि गाड्या हाकणारे निराळे. हे सगळे लोक या माळावर कित्येक वर्षे पाले ठोकून राहिले असतील. त्यांची पोरे येथे जन्मली असतील, म्हातारी येथे मेली असतील. नकाशावर थडग्यांना खूण आहे. पण पालांतल्या मेलेल्यांना थडगी नसतात.

या कामाच्या अखेरच्या वर्षांतच दख्खनवर १८७६-७८ चा दुष्काळ कोसळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने हिशेब मांडला की, खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढे बस्स आहे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नव्हे! ही मजुरी मुंबई इलाख्यात लागू झाली तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी अन्न देणारे काम सोडले, याचा अर्थ काय तो आपण विचारात घ्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावचे वृत्तांत मिळवून सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास सांगताना गिरण्यांपासून प्रारंभ करतात. माझ्या मते तो या खडी फोडणाऱ्यांपासून करावा. त्यांच्याजवळ युनियन नव्हती, झेंडा नव्हता, वर्गणीची पावती नव्हती. पण एक पौंडावर माणूस जगत नाही हे त्यांनी पायांनी चालून दाखवले.

याच काळात पुण्यात एक कंत्राटदार होते, ज्यांना आपण महात्मा म्हणतो. जोतीराव फुल्यांनी पुण्याजवळच्या सरकारी बांधकामांची, पूल, बोगदा, धरण-कालवा अशा कामांची, कंत्राटे घेतली होती, सामान पुरवले होते. त्यामुळे मजुराला काय मिळते, मधला किती खातो आणि हिशेबवहीत काय चढते हे त्यांनी स्वतः पाहिले होते. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये पुरा केला. त्यात त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले आहेतच, पण नुसते कोरडे ओढून ते थांबले नाहीत. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीला पुरेल इतके पाणी मोजून मिळावे म्हणून तोटी बसवावी, अशी सूचना त्यांनी केली आहे. जागोजाग ताली, बंधारे घालावेत असेही सांगितले आहे. पाणी मोजून द्या, ही मागणी एकशेचाळीस वर्षांपूर्वीची आहे आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी ती अजून करीत आहे. त्यांच्याच सत्यशोधक मंडळींतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. ही साखळी दगडाच्या खाणीपासून गिरणीच्या दारापर्यंत अशी येते. म्हणून मी म्हणतो की, खडकवासल्याची भिंत ही आपल्या चळवळीच्या तीर्थक्षेत्रांपैकी एक आहे, आणि आपण तिच्यासमोर पाठ करून कणसे खातो.

धरणाच्या खालच्या बाजूला नकाशावर एक मोठे आवार दिसते. हे पाण्याचे संशोधन केंद्र. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी जो विभाग काढला त्यातून हे वाढले. बंदरे, नद्या, धरणे यांच्या लहान प्रतिकृती जमिनीवर मांडून त्यांतून पाणी सोडतात आणि खऱ्या ठिकाणी काय होईल ते पाहतात. एका अर्थी हाही नकाशाच. फक्त त्याच्यात पाणी खरे असते. धरणाच्या कुशीत ही जागा निवडण्यात व्यवहार होता, कारण प्रयोगाला लागणारे पाणी वरून आपोआप येते.

समोरच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. घुमटाच्या मुख्य इमारतीला सुदानचे नाव आहे, कारण महायुद्धात हिंदी सैनिकांनी सुदानच्या संरक्षणात जो भाग घेतला त्याबद्दल तेथील सरकारने दिलेल्या देणगीतला पैसा तिला लागला. हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याच्याही आधी, त्या महायुद्धाच्या काळात, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या तळ्याकाठी सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देत असत आणि त्यासाठी जमिनीवर एक नकली जहाज बांधले होते, हे थोड्यांना ठाऊक आहे. मावळातल्या शेतकऱ्याला आपल्या डोंगरात जहाज पाहून काय वाटले असेल!

येथून डोणज्याच्या फाट्यावर बहुतेक गाड्या डावीकडे सिंहगडाला वळतात. आम्ही वळलो नाही. पण कागद पाहून गडाविषयी दोन गोष्टी बोलतो. नकाशावर साडेबाराशे मीटरांहून उंच असा हा डोंगर एकटा नाही, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या रांगेवरचा तो एक मणी आहे. पूर्वेला कात्रजपर्यंत एकामागून एक टेकड्यांची माळ. नैर्ऋत्येला ठिपक्यांची वाट राजगडाकडे जाते. मोटारीने वर गेलेल्याला गड हे टोक वाटते. नकाशा पाहणाऱ्याला तो चौक वाटतो. ४ फेब्रुवारी १६७० ची तानाजी मालुसऱ्यांची कथा घरोघर आहे. ३ मार्च १७०० रोजी राजाराम महाराज याच गडावर वारले आणि त्यांची समाधी तेथे आहे, हे शाळेतल्या पोरांनाही सांगता येते. पण १३२८ च्या सुमारास महंमद तुघलकाच्या फौजेला कित्येक महिने झुंजवणारा कोंढाण्याचा कोळी नायक, नाग नायक, याची आठवण फार थोड्यांना असते. त्याच्या नावाचा पोवाडा मी तरी ऐकलेला नाही. तीनशे वर्षे आधीचा माणूस, आणि तोही कोळी! आपल्या स्मरणाचाही एक नकाशा असतो आणि त्यातही काही जागा कोऱ्या सोडलेल्या असतात.

गोऱ्हे, खानापूर, मालखेड, सोनापूर अशी गावे मागे पडतात. रस्ता पाण्याला धरून चालतो आणि ४७ एफ/१५ चा कागद संपतो. आमच्या पाचांपैकी दोघांना या रस्त्यावरून जाताना आजवर समोरचा काठ कधी दिसला नव्हता. दिसला नव्हता म्हणजे त्यांनी पाहिला नव्हता. नकाशावर त्या काठाला मांडवी आणि त्याच्या पश्चिमेस सांगरुण आहे. सांगरुणला तीन निळ्या रेषा एकत्र येतात : अंबी, मोसे आणि मुठा. ज्या मुठेच्या नावाने पुण्याचे पाणी ओळखले जाते तिच्यात या दोघींचे पाणी किती आहे ते धरणांच्या आकड्यांवरून पाहा. अंबीवरच्या पानशेतमध्ये १०.६५ टीएमसी, मोसेवरच्या वरसगावमध्ये १२.८२, खुद्द मुठेवरच्या टेमघरात ३.७१, आणि खडकवासल्यात अवघे १.९७. पुणेकर ज्याला आपले धरण म्हणतो ती साऱ्या घरातली सर्वांत लहान घागर आहे. भरलेले रांजण मागे, डोंगरात आहेत. मी एवढी वर्षे पुण्यात पाण्याच्या मोर्च्यांत चाललो. सांगरुणच्या संगमावर मला एकही नगरसेवक भेटला नाही, आणि मोर्चेकरीही नाही.

संगमाजवळ आम्ही तासभर बसलो. तेथे तिकीट नाही, दुकान नाही. एक शेतकरी बैल धूत होता. त्याला विचारले, "मामा, यातली मुठा कोणती?" तो हसला. म्हणाला, "इथवर आल्यावर काय, सगळ्याच." मग त्यानेच नीळकंठेश्वराच्या डोंगराची वाट सांगितली. नकाशावर तेथे देवळाची खूण आहेच. देवळाभोवती पुराणातल्या कथांचे पुतळे मांडले आहेत. मला पुतळ्यांपेक्षा त्या डोंगरावरून दिसणारा देखावा मोलाचा वाटला. एका बाजूला पानशेतचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला वरसगावचे, आणि खाली त्यांना घेऊन जाणारी खोरी. तेथे कागद उघडून धरला आणि दगड ठेवून चार कोपरे दाबले. कागदावरची प्रत्येक निळी जागा समोर होती. फिटर भाऊ, जे सकाळी रागावले होते, ते आता कागद सोडीनात.

पानशेतविषयी पुण्यात बोलताना आवाज आपोआप खाली येतो. १२ जुलै १९६१. अंबीवरचे मातीचे धरण पुरे होण्याआधीच पावसाळ्याचे पाणी त्यात अडवलेले होते. भिंत खचू लागली. जवानांनी पोती रचून काही तास तिला तोलून धरले आणि सकाळी ती फुटली. तो लोंढा खडकवासल्याच्या तळ्यात उतरला, त्या जुन्या दगडी भिंतीलाही भगदाड पडले, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. नदीकाठची वस्ती, पुलाची वाडी, शनिवार, नारायण, कसबा यांचे काय झाले ते ज्यांच्या घरांतून ही कहाणी सांगितली जाते त्यांना मी काय सांगू? नकाशा एवढेच दाखवतो की, पानशेतपासून शनिवारवाड्यापर्यंत खोरे एकच आहे, मध्ये दुसरा आडोसा नाही. पोती रचून मिळवलेले ते काही तास म्हणजे काय ते या कागदावर बोट फिरवले की समजते. रात्री काळोखात लोंढा आला असता तर मृतांची मोजदाद कोणी केली असती कोण जाणे. हे तास देणाऱ्या हातांचेही थडगे नाही, स्तंभ नाही, नकाशावर खूण नाही.

पुराच्या आठवणींत आणखी एक बुडालेली गोष्ट झाकली गेली आहे. फुटलेले धरण पुन्हा बांधले गेले, आणि ते भरले तेव्हा त्याच्या पोटातली गावे गेली ती कायमची. पुढे वरसगावच्या धरणात मोसे खोरे गेले. शिवरायांच्या पहिल्या साथीदारांतले बाजी पासलकर या खोऱ्याचे देशमुख. आज त्या जलाशयाला त्यांचे नाव आहे आणि त्यांचे मोसे गाव त्याच जलाशयाखाली आहे. असा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल! धरण नको असे मी म्हणत नाही. मी शहरात राहतो आणि नळाचे पाणी पितो. पण उत्तरेला, याच रांगांच्या पलीकडे, मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला होता, पाणी आणि वीज कोणाला आणि जमीन कोणाची, त्याचे उत्तर या खोऱ्यांतही कोणी दिले नाही.

ही बुडालेली गावे पाहायची असतील तर दोन कागद लागतात. एक धरणापूर्वीचा, मैलाला इंच या मापाचा, आणि एक आजचा. जुन्या कागदावर अंबीच्या आणि मोसेच्या काठाने पिवळी शेते आहेत, तुटक लाल गाडीवाटा आहेत, देवळांच्या खुणा आहेत. नव्या कागदावर त्याच जागी निळा रंग आहे आणि वाटा पाण्याच्या कडेला येऊन अचानक थांबतात. पाण्यात शिरणाऱ्या वाटा हे या मुलुखातले सर्वांत न पाहिलेले दृश्य आहे असे मला वाटते. मे महिन्यात पाणी उतरले की त्यांतल्या काही पुन्हा वर येतात. दगडी जोती, एखाद्या चौथऱ्याची कड उघडी पडते. आम्ही थंडीत गेलो होतो, तळी भरलेली होती, त्यामुळे आम्हाला वाटा फक्त कडेपर्यंतच दिसल्या.

पानशेतच्या टपरीवर चहा घेताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमचा कागद पाहायला मागितला. चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पुष्कळ वेळ निळ्या जागेत काहीतरी शोधले. मग विचारले, "याच्या पुढचा कागद आहे का?" मी म्हटले, "पश्चिमेचा? कोकणाकडचा?" ते म्हणाले, "नाही हो, पूर्वेचा. आमचे भाऊबंद तिकडे दौंडला दिलेत." धरणग्रस्तांपैकी कित्येकांना जमिनी मिळाल्या त्या दौंड तालुक्यात, या धरणांचे पाणी कालव्याने जेथे जाते तेथे. तो मुलूख ४७ एफ वर नाही. त्याला पुढचा चौकोन लागतो, ४७ जे. तो आमच्याजवळ नव्हता. पुढल्या खेपेला घेऊन येतो असे सांगून मी त्यांचा पत्ता लिहून घेतला आहे.